खेकडीच्या एका पायातून डीएनए काढताना

आंबोलीजवळच्या सड्यावर सापडलेली ती खेकडी माझ्या तळहातावर मावत होती. पोटाखालची घडी जरा उचलली तर आत पिल्लं दाटीवाटीने चिकटलेली. समुद्रातल्या खेकड्यांसारखी तरंगत दूर जाणारी अळीची अवस्था गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना नसते. पिल्लं आईच्या पोटाखाली वाढतात आणि तिथल्याच ओढ्यात उतरतात. म्हणून तर सह्याद्रीत इतक्या वेगवेगळ्या प्रजाती आहेत. घाटियाना हा इथल्या खेकड्यांचा वंशच मुळी २०१४ मध्ये वेगळा मांडला गेला.

प्रजाती ओळखताना नराच्या पोटाखालचं पहिलं जननउपांग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मादीत ते नसतं, पिल्लांत पुरतं वाढलेलं नसतं. तिथे डीएनएचाच आधार.

पहिल्या खेपेला रीतसर परवानगी काढून आणलेले नमुने वाया गेले. जीव गेले आणि हाती काही लागलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. सगळे खेकडे मी अख्खेच एका बरणीत, ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवले होते. कवचामुळे इथेनॉल आत लवकर मुरत नाही, आणि पाचकग्रंथीतली विकरं (एन्झाइम) मेल्यानंतरही आपलं काम करत राहतात. महिन्याभराने डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं जेल लावलं तेव्हा लॅडरचे, म्हणजे मापासाठी घातलेल्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांचे, बँड (पट्टे) लख्ख होते. माझ्या नमुन्याच्या लेनमध्ये (रांगेत) मात्र नुसता खालवर ओघळलेला फराटा. डीएनएचा पार भुगा झाला होता.

पुढच्या पावसाळ्यात एक नर तेवढा अख्खा नमुना म्हणून ठेवला, बाकीच्यांचा चालण्याचा एकेक पायच घेतला. खेकडा पाय सांध्यातून स्वतःच सोडतो आणि पुढे कात टाकताना तो परत फुटतो. ओढ्याकाठीच पायाचं कवच चिरलं, जवळजवळ शुद्ध इथेनॉलच्या छोट्या ट्यूबमध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदललं. मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं, म्हणून हे बदलणं टाळू नये.

लॅबमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा स्नायू काढला. आधी इथेनॉल पूर्ण उडू दिलं, मग प्रोटिनेझ के (प्रथिनं पचवणारं विकर) घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवला. सकाळी ट्यूबमध्ये तंतू उरला नव्हता. डीएनए धरून ठेवणाऱ्या कॉलममधून धुऊन डीएनए उतरवला. सोबत मांस न घातलेली एक ट्यूबही सगळ्या टप्प्यांतून नेली, म्हणजे बाहेरचं काही मिसळलं तर कळतं.

२६०/२८० चं गुणोत्तर, म्हणजे डीएनएच्या शुद्धतेचं माप, १.८ च्या आसपास, म्हणजे चांगलं आलं. तरी पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य नकला काढणं) झालाच नाही! दोन दिवस प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), तापमान, सगळं बदलून पाहिलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "अगं, डीएनए दहापट पातळ करून बघ." तो केला आणि बँड उमटला. डीएनएबरोबर आलेलं काहीतरी पीसीआरमधल्या विकराला अडवत होतं, ते पातळ झाल्यावर वाट मोकळी झाली.

प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून आला. कवचधारींत या जनुकाच्या निकामी नकला केंद्रकातही बसलेल्या असतात, त्यामुळे अशा नकलेची खूण असलेला थांबा-संकेत (प्रथिन बनणं थांबवणारी अक्षरं) मध्येच येतो का, हे आधी तपासलं. कुठेच नव्हता. मग खेकडीची आणि त्याच ओढ्यातल्या नराची ओळ एकाखाली एक मांडली. एकाही जागी फरक नव्हता. नराचं उपांग आधीच पाहून ठेवलेलं होतं, त्यामुळे खेकडीची ओळख पटली.

दरीपलीकडच्या ओढ्यातलं पिल्लू मात्र या दोघांशी जुळत नाही. तिथला नर अजून मिळालेला नाही. पाऊस लागला की पुन्हा जायचं आहे.