पैसे घेऊन दिलेल्या टिपेची तक्रार सेबीकडे नेताना

‘हा शेअर घ्या’ असं टेलिग्रामवर सांगणाऱ्याने त्यासाठी पैसे घेतले होते आणि ते लपवले, एवढंच लिहून तक्रार केली तर ती टिकत नाही, हे मला पहिल्याच टप्प्यावर कळलं. अमेरिकेत १९३३ च्या सिक्युरिटीज अ‍ॅक्टचं कलम १७(ब) नेमकं यासाठी आहे. मोबदला आणि त्याची रक्कम न सांगणं हाच तिथे गुन्हा. टीप खरी की खोटी, हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या कायद्यात असं सुटं कलम नाही.

म्हणून आधी माणूस नोंदणीकृत आहे का ते बघायचं. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा, म्हणजे कुठला शेअर घ्यावा-विकावा हे सांगणाऱ्या नोंदणीकृत विश्लेषकाचा, नंबर ‘आयएनएच’ने सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर तो तपासता येतो. नंबर असेल तर २०१४ चे रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियम लागतात: ज्या कंपनीबद्दल बोलतोय तिच्याकडून मागच्या १२ महिन्यांत मोबदला घेतला का, हे सांगणं त्याला बंधनकारक आहे. ही तक्रार ‘स्कोअर्स’ या सेबीच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जाते, आणि उत्तराला २१ दिवसांची मुदत असते. नंबरच नसेल तर स्कोअर्सवर वेळ घालवू नका. बिगरनोंदणी धंद्याची माहिती सेबीच्या ‘मार्केट इंटेलिजन्स’ विभागात द्यायची असते, आणि तिथे आधार घ्यायचा तो २००३ च्या फसव्या व्यवहारांविरुद्धच्या नियमांचा.

खरी मेहनत पुराव्याची. चॅनेलवाले मेसेज उडवतात, चॅनेलचं नाव बदलतात. नुसता स्क्रीनशॉट कच्चा पुरावा आहे. संगणकावरच्या टेलिग्राममधून चॅनेलचा सगळा इतिहास एक्स्पोर्ट करावा. त्यात प्रत्येक मेसेजचा क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ येते. क्रमांक ४११२ नंतर थेट ४११९ दिसला तर मधले सहा मेसेज गेलेत, आणि ही रिकामी जागासुद्धा पुरावाच आहे. कॉपी करणं बंद केलेल्या चॅनेलवर एक्स्पोर्ट चालत नाही, तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचं चित्रीकरण करावं. फाइल हाती आली की त्याच दिवशी तिची हॅश (फाइलचा डिजिटल ठसा; फाइल जरा बदलली तरी तो बदलतो) काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ती लिहावी लागते, आणि प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते.

मग एक तक्ता. डावीकडे मेसेजची वेळ, मधे भावकॉपीतून (एक्स्चेंजच्या रोजच्या भावांच्या फाइलमधून) घेतलेला त्या दिवसाचा भाव आणि उलाढाल (आधीच्या महिनाभराच्या सरासरीसह), उजवीकडे विकलं कुणी. बल्क डील, म्हणजे एका दिवसात कंपनीच्या ०.५ टक्क्याहून जास्त शेअरचा व्यवहार, एक्स्चेंजच्या साइटवर नावासकट मिळतो. तिमाहीची शेअरहोल्डिंगही (कंपनीचे किती शेअर कुणाकडे, याचा तक्ता) जोडा. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात चित्र तिथेच उघडं पडलं होतं: जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, छोटे भागधारक २,१६७ वरून ५५,३४३ वर गेले आणि त्याच काळात प्रवर्तकांसारख्या आतल्या लोकांनी आपले शेअर विकून टाकले.

पैशाचा माग मात्र आपल्या हातात नाही. बँकेची खाती सेबीच मागवू शकते. ती मागवावीत असं अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे, तक्रारीचं काम तेवढंच. त्यासाठी पिन केलेला ‘पेड प्रमोशनसाठी संपर्क’ मेसेज, यूपीआय आयडी, अ‍ॅडमिनचा नंबर, जे दिसतं ते जसंच्या तसं द्या. खोटं गिऱ्हाईक बनून रेट विचारायला जाऊ नका. अ‍ॅडमिन सावध होतो आणि दोन दिवसांत चॅनेल साफ होतं. अंदाज आणि कागद वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. ‘प्रवर्तकानेच पैसे दिले’ असं ठाम लिहिलं आणि कागद नसला, तर उरलेल्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

पुढे वाट बघायची. तपास गोपनीय असतो, कळवत नाहीत. साधनामध्ये अंतरिम आदेश २ मार्च २०२३ चा आणि अंतिम २९ मे २०२५ चा: ५९ जणांवर बंदी, ५८.०१ कोटींची वसुली. असा पैसा आपोआप गुंतवणूकदाराच्या खात्यात येत नाही. तो आधी सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधीत जातो आणि नुकसान झालेल्यांची ओळख पटली तरच वाटपाचा प्रश्न येतो. म्हणून टिपेवरून घेतलेल्या शेअरच्या काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची पावती) आणि डीमॅटचं स्टेटमेंट तक्रारीच्या फाइलमध्येच लावून ठेवलं आहे.