पाइपच्या एल्बोमधला धूलिमापक

श्टुटगार्टला येऊन चार वर्षे झाली, तरी हे शहर वाटीसारखे खोलगट आहे याची जाणीव मला हिवाळ्यातच होते. भोवताली टेकड्या असल्यामुळे वारा पडला की थंड, जड हवा तळाशी साचते आणि गाड्यांचा व लाकडी शेगड्यांचा धूर तिच्यातच अडकून राहतो. येथील नेकारटोर चौकातले सरकारी मापन केंद्र सूक्ष्म धूलिकणांच्या आकड्यांमुळे जर्मनीभर बदनाम झाले होते. २०१६ पासून काही वर्षे हिवाळ्यात धूलिकणांचा इशारा जाहीर होई आणि गाड्या घरी ठेवण्याची विनंती केली जाई. मात्र चौकातल्या यंत्राला आमच्या गल्लीतले काय कळणार, हा प्रश्न नागरिकांना पडतच होता. त्यातूनच २०१५ मध्ये ‘ओके लॅब श्टुटगार्ट’ या स्वयंसेवकांच्या गटाने ‘लुफ्टडाटन’, म्हणजे हवेची आकडेवारी, हा उपक्रम सुरू केला. पुढे तो ‘सेन्सर कम्युनिटी’ या नावाने अनेक देशांत पोहोचला.

या उपक्रमाचा धूलिमापक जोडण्याच्या एका कार्यशाळेला मी शनिवारी गेलो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहीत असलो, तरी स्क्रू-ड्रायव्हर मी क्वचितच हातात धरतो, त्यामुळे शेजारी बसलेली शाळकरी मुलगी माझ्या आधी मोकळी झाली. टेबलावर एक छोटा वाय-फाय बोर्ड, तापमान व आर्द्रता मोजणारा पांढरा जाळीदार सेन्सर आणि लहान पंख्याने हवा आत ओढून लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजणारी डबी एवढेच साहित्य होते. चार-सहा वायरी जोडून हे सारे करड्या पाइपच्या दोन एल्बोंमध्ये सरकवायचे आणि तोंड जमिनीकडे ठेवून बाल्कनीत टांगायचे. सांडपाण्याच्या पाइपमध्ये हवेचे यंत्र बसवण्याची कल्पना मला अस्सल जुगाडू वाटली. यंत्र सुरू झाले की साधारण अडीच मिनिटांनी एकेक आकडा नकाशावर जातो आणि आपल्या घराच्या जागी एक रंगीत षटकोन उमटतो.

पहिली फजिती नोव्हेंबरात झाली. एका सकाळी धूलिकणांचा आकडा घनमीटरला दोनशे मायक्रोग्रॅमच्या वर गेलेला पाहून मी इमारतीतल्या सर्वांना घाईघाईने ईमेल पाठवला. तळमजल्यावरच्या निवृत्त रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने मला बोलावून घेतले, खिडकी उघडली आणि बाहेरच्या दाट धुक्याकडे बोट दाखवून आर्द्रतेचा आकडा पाहिलास का, असे विचारले. तो सत्त्याण्णव टक्के होता. हे स्वस्त यंत्र पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजते, हे कार्यशाळेत सांगितलेले मी सपशेल विसरलो होतो. तेव्हापासून आम्ही आर्द्रतेचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय आणि सरकारी केंद्राशी ताडून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढत नाही.

मग खरी गोष्ट दिसली. कोरड्या, कडाक्याच्या थंडीत शनिवार-रविवारी संध्याकाळी सातनंतर आलेखावर उंचवटा येई आणि अकराच्या सुमारास तो ओसरे. त्या वेळी रस्त्यावर रहदारी फारशी नसे, पण गल्लीत दोन घरांच्या धुराड्यांतून लाकडाचा धूर निघत असे. तक्रार करण्याऐवजी शिक्षिकाबाईंनी दोन्ही कुटुंबांना कॉफीला बोलावले आणि लाकडातला ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र टेबलावर ठेवले. येथील नियमानुसार शेगडीत जाळायच्या लाकडात पंचवीस टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही. एका घरातील लाकूड त्याच्या बरेच वर निघाले. त्या कुटुंबाने उरलेला ढीग पुढच्या वर्षासाठी छपराखाली वाळत ठेवला. उंचवटा पूर्ण गेला नाही, पण बराच खाली आला. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत असा विषय निघाला असता तर कॉफीपर्यंत पोहोचायला किती बैठका लागल्या असत्या, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

आता उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्यामुळे गल्लीचे लक्ष टेकडीवरून गरजत उतरणाऱ्या मोटारसायकलींकडे वळले आहे. पुढच्या कार्यशाळेत आवाज मोजणारा सेन्सर जोडायचा आहे. त्या शाळकरी मुलीने माझ्या शेजारची खुर्ची आधीच सांगून ठेवली आहे.