समुद्र नसलेल्या मुलखातलं मीठ

धाराशिवहून तेरला गेलो तो लामतुरे संग्रहालय बघायला. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक प्रवासवृत्त सांगतं, की गुजरातच्या भडोच बंदरापासून 20 दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी 10 दिवसांवर तगर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं, समुद्रकाठचा माल इथे यायचा.

हस्तिदंती बाहुली, मणी, मातीच्या मूर्ती, सगळं डोळे भरून पाहिलं. मीठ मात्र कुठल्याच कपाटात नाही, असणार तरी कसं? मणी मातीत दोन हजार वर्षं टिकतो, मीठ पहिल्या पावसात विरघळतं. पण हस्तिदंतावाचून मराठवाड्याचं काही अडलं नसतं. मिठावाचून माणसं आणि गुरं दोन्ही अडली असती.

घाटाखालचं मीठ या पठारावर बैलांच्या पाठीवरून आलं, आणि ते बैल हाकणारे लमाण होते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये या लमाणांचे तांडे पाहून थक्क झाला होता. दहा-बारा हजार बैलांचा एकेक तांडा! त्याने लिहिलंय, की धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ वाहणारे गट वेगवेगळे असत, आणि मीठवाले गळ्यात मिठाची पिशवी अडकवत. पुढे आगगाडी आली. बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला पोचली आणि लदेणीचे, म्हणजे बैलांच्या पाठीवरून माल वाहण्याचे, दिवस सरले. तगरच्या रोमशी चाललेल्या व्यापाराचं कौतुक आपण पोटभर करतो, या माणसांचं नाव मात्र कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुळजापूर तालुक्यातल्या एका तांड्यावर एका म्हाताऱ्या याडीपाशी (लमाणांच्या बोलीत याडी म्हणजे आई) बसलो. आजेसासऱ्यांकडून ऐकलेलं तिने सांगितलं, “पावसाळ्यात लदेणी बंद. नदीत बैल बसला की गोण पाण्यात, अन् मीठ गंगेला!” मग तांडा माळावर मुक्काम ठोकायचा, गुरं चरायची, आणि नद्या उतरल्या की पुन्हा वाट धरायचा.

मुक्कामाला मावशीकडे आलो तर ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्यांचा ढीग. मावसभाऊ अडकित्त्यावर फोडी करत होता, मावशी पातेल्यात जाडं मीठ आणि हळद चोळत होती. सकाळपर्यंत फोडी आपल्याच पाण्यात बुडाल्या. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं, आणि त्या खारात कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. मावशीने फोडी फडक्यावर सुकवल्या, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट कालवलं, वरून तापवून गार केलेलं करडीचं तेल. बरणीला दादरा बांधायच्या आधी तिने खार जिभेवर ठेवून पाहिला आणि आणखी मूठभर मीठ टाकलं.

मी म्हटलं, “मावशी, खारट होईल की.”

“आज लागंल. दिवाळीला खाऊन बघ.”