झाकणाभोवतीची पन्हळ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात माझे चाक आणि विजेची भट्टी आहे आणि त्यांच्या शेजारी, आईच्या मते गरजेपेक्षा फारच जास्त, बरण्या आहेत. इथल्याच सयाजीराव विद्यापीठात मी शिल्पकला शिकलो, पण पोट भरते ते कप, ताटल्या आणि कुंड्यांवर. हा मजकूर मात्र भाज्या आंबवायच्या त्या बरण्यांविषयी आहे, कारण त्या मी विकत नाही.

छंदाची सुरुवात न्यू जर्सीला दादाच्या तळघरात झाली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार दोन प्रौढ माणसे असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर वाइन घरच्यापुरती करता येते. दादा आणि वहिनी करतात ती फार तर 40 लिटर. काही वर्षांपूर्वी द्राक्षांच्या हंगामात मी तिथे होतो. रसात घनतामापक सोडला, तेव्हा आकडा 1.090 होता (साध्या पाण्याचा 1.000 असतो, साखर जास्त तितका आकडा मोठा). लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते, या हिशेबाने वाइन साडेबारा टक्क्यांच्या आसपास जायला हवी होती आणि त्यासाठी आकडा 1.000 च्या खाली उतरेपर्यंत थांबणे भाग होते. माझी परतीची तारीख जवळ आल्यामुळे आम्ही 1.010 वरच बाटल्या भरल्या. उरलेल्या साखरेवर यीस्टचे काम चालूच राहिले, तिसऱ्या आठवड्यात बुचे उडाली आणि भिंतीवरचे जांभळे डाग पुसण्यात वहिनींचे दोन रविवार गेले. तोवर मी बडोद्याला पोहोचलो होतो, ही गोष्ट त्या अजून बोलून दाखवतात.

मला त्या तळघरात वाइनपेक्षा जास्त आवडली ती पिंपाच्या तोंडावरची प्लास्टिकची वाकडी नळी. तिच्यात दोन बोटे पाणी असते. आतला वायू बुडबुडे काढत त्यातून बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरू शकत नाही. हेच काम मातीच्या बरणीत करायचे, तर तोंडाभोवती पाण्याची पन्हळ ठेवावी लागते आणि झाकणाची कड त्या पाण्यात बुडवावी लागते. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा 1960 साली गुजरात वेगळा झाल्यावरही इथे चालूच राहिला, त्यामुळे घरी वाइनचा प्रश्न नव्हता. मी मिठाच्या पाण्याकडे वळलो: गाजर, मुळा, कैरी, लिंबू. वजनाच्या अडीच टक्के मीठ घातले आणि भाजी पाण्याखाली राहिली, की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू बाकीचे पाहून घेतात.

पन्हळीने मात्र माझा चांगलाच घाम काढला. थानगढची माती ओली असल्यापासून पक्की भाजली जाईपर्यंत सुमारे 12 टक्के आकसते आणि बरणी व झाकण वेगवेगळे वाळवले, तर दोन्ही आपापल्या दिशेने वाकतात. म्हणून आता मी झाकण पन्हळीत बसवूनच वाळवतो, पहिली भाजणी 1000 अंशांना तसेच ठेवून करतो आणि ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, देण्यापूर्वी जिथे दोघांचा स्पर्श होतो तिथे मेण लावतो, नाहीतर 1220 अंशांना झाकण बरणीला कायमचे चिकटते. पहिल्या बरणीच्या पन्हळीत केसाएवढी चीर होती. रात्रीतून पाणी झिरपून गेले, मुळ्यावर पांढरी साय धरली आणि आईने झाकण उचलून एवढेच विचारले, ‘ह्यात काय मेलंय रे?’

आंबट पदार्थ ग्लेझचीही परीक्षा घेतात. तांब्याचे हिरवे, मंद चमकीचे ग्लेझ गिऱ्हाइकांना फार आवडते. मी त्याची एक खापरी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आणि सकाळी बुडालेला भाग फिका पडलेला दिसला. ग्लेझमधले तांबे व्हिनेगरमध्ये उतरले होते. त्या ग्लेझच्या तयार सात बरण्या मी त्याच दिवशी फोडल्या. हिरव्या रंगाची मागणी अजून येते. मी फुलदाणी देतो, बरणी देत नाही.

सध्या डोक्यात जॉर्जिया देशातली (अमेरिकेतले राज्य नव्हे) क्वेव्री आहे. अंड्याच्या आकाराचे हे मातीचे रांजण तिथे गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आतून मधमाशांचे मेण लावतात आणि द्राक्षे सालींसकट त्यांत महिनोन् महिने ठेवतात. 2013 साली युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. खरे रांजण शेकडो लिटरचे असतात, माझ्या भट्टीत मावले ते नऊ लिटरचे. बुडाला टोक असल्यामुळे ते उभे राहत नाही, म्हणून पारिजातकाखाली वाळूत पुरले आहे. दादा डिसेंबरात येईल तेव्हा ते कपड्यांत गुंडाळून घेऊन जाणार आहे, असे ठरले होते. पण आईने मला न विचारता त्यात शंभर लिंबे मिठात घातली आहेत आणि ती मुरेपर्यंत रांजण कोणीही हलवायचा नाही, असे तिने दादाला फोनवर सांगूनही टाकले आहे.