पावणेदहा फुटांची रिंग

स्मरणिका कमिटीतनं आपल्याच बॅचच्या दोस्ताचा फोन आला, शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली, तू लिहून दे काहीतरी, शाळेतनं प्रोफेशनल बास्केटबॉल खेळलेला तू एकटाच हाईस. मी म्हटलं बाबा रे, प्रोफेशनल म्हणजे तुझ्या डोक्यात अमेरिकेतली ती बास्केटबॉलची लीग, एनबीए बिनबीए असेल तर ते आधी काढून टाक. मी खेळलो बारा-तेरा वर्षं, खरं पगार मिळायचा तो बँकेतला क्लार्क म्हणून. तर म्हणतो, असू दे की, तेच लिही, शुक्रवारपर्यंत दे. तो शुक्रवार होऊन आता दहा दिवस झालेत.

(बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो, आमच्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. माझ्या मुंबईच्या मेव्हण्याला हे वीस वर्षांत कळलेलं नाही, तो दर वाक्याला विचारतो, म्हणजे आधीचं खोटं काय?)

आठवीत माझी उंची पाच फूट अकरा होती. आमच्या भागात उंच पोराचं भविष्य ठरलेलंच, एक तर तालीम नाहीतर एमएलआय, म्हणजे लष्कराची मराठा लाइट इन्फंट्री. वडिलांनी तर मी आठवीत असतानाच मराठा सेंटरची भरती कधी असते ते कुणाकडनं तरी विचारून ठेवलं होतं. अशात एक दिवस मधल्या सुट्टीत पी.टी.च्या सरांनी मला पाण्याच्या टाकीजवळ पकडलं. म्हणाले, हात वर कर. केला. उडी मार. मारली. चार वाजता ग्राउंडवर ये. झालं, एवढंच.

सर मद्रासच्या वायएमसीए कॉलेजात शिकून आलेले. बक नावाच्या साहेबानं १९२० साली काढलेलं ते कॉलेज, आणि सर त्याचं नाव असं घ्यायचे जसं काय बकसाहेब ह्यांच्याच गल्लीत राहायला होते. पहिल्या दिवशी बॉल हातात दिलाच नाही, गोष्ट सांगितली. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला कडाक्याची थंडी, पोरं हॉलमध्ये कोंडलेली, त्यांची मस्ती जिरवायची कशी म्हणून नेस्मिथ मास्तरांनी दहा फुटांवर पीचच्या फळांच्या दोन करंड्या ठोकल्या, बॉल आत पडला की माणसानं शिडीवर चढून काढायचा. शेजारी आपले शिपाई मामा झाडू घेऊन ऐकत होते, ते म्हणाले सर, आपल्यात शिडीचं नको हां तसलं काय.

आपलं ग्राउंड म्हणजे काय होतं ते नव्या पोरांना कळायचं नाही. लाल मुरमाचं मैदान, त्यात कबड्डी, खो-खो, लेझीम, पंधरा ऑगस्ट सगळं तिथंच, आणि दोन टोकांना सिमेंटात गाडलेले दोन लोखंडी खांब, त्यावर लाकडी फळ्यांचा बोर्ड. रिंगा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपातनं वेल्डिंग करून आणलेल्या, नेट नाही. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच हाय, जूनमध्ये सुरू झाला की ग्राउंडचा नुसता राडा, म्हणून दरवर्षी मे महिन्यात शाळा मुरमाची एक ट्रॉली टाकायची, पोरांकडनं पसरून घ्यायची आणि वरनं रोलर फिरवायची. हा मुरूम लक्षात ठेवा, पुढं लागणार हाय.

सरांनी सगळ्यात आधी माझा उजवा हात बंद केला. महिनाभर उजवा हात चड्डीच्या खिशात घालून ठेवायचा आणि डाव्यानं ड्रिबल. खिसा फाटलेला, हात आरपार खाली यायचा, तरी घालायचा. डाव्या हातात जीव नाही, बॉल एकीकडं मी एकीकडं, पोरी व्हरांड्यात उभ्या राहून हसायच्या. घरी जेवताना सवयीनं डावा हात पुढं गेला की आईचा फटका. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर म्हणाले भाकरी उजव्यानंच खा रे बाबा, नाहीतर तुझी आई येऊन मला विचारेल. दोन महिन्यांनी डाव्या बाजूनं रिंगखाली शिरून डाव्या हातानं ले-अप, म्हणजे पळत जाऊन जवळनं टाकायचा शॉट, मारला आणि तो पडला, तर सर काही बोलले नाहीत, शिट्टी वाजवून घरी निघून गेले, म्हणजे बरं झालं असावं.

मग आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो. पहिल्यांदाच सिमेंटचं कोर्ट बघितलं. आणि बघा गंमत, आमचे सगळे शॉट आखूड! एकूण एक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला ठेचकाळतोय. शाळेत डोळे झाकून मारणारी पोरं तिथं रिंगपर्यंत पोचेनात. सडकून हरलो. कुणी म्हणालं बॉल जड, कुणी म्हणालं वारं होतं. सर गप्प. दुसऱ्या दिवशी बांबू आणि शिवणाच्या बाईंची टेप घेऊन आले, बांबू रिंगला लावला, खूण केली, मोजलं. नऊ फूट नऊ इंच.

खांब बसवले तेव्हा बरोबर दहाच फूट होते. रिंग खाली आली नव्हती, दर मे महिन्याला ग्राउंडच वर चढत होतं! सर त्या खांबाला टेकून बसले ते कितीतरी वेळ हसतच होते. मी त्यांना असं हसताना परत कधी बघितलं नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही आठ-दहा पोरांनी कुदळ, फावडी आणून रिंगखाली तीन इंच खणलं. पहिल्या पावसात तिथं तळं झालं आणि पाचवीच्या पोरांनी त्यात होड्या सोडल्या. हेडसरांनी ते परत बुजवून घेतलं. मग सरांनी दुसरी आयडिया काढली, फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊल झाल्यावर कुणी न अडवता शॉट मारायच्या रेषेपुढं दोन काठ्यांना सुंभाची दोरी उंच बांधली आणि बॉल दोरीवरनंच गेला पाहिजे. त्या दोरीमुळं माझ्या शॉटला जी उंच कमान आली ती शेवटपर्यंत राहिली. आणि शॉट आखूड पडला की आमच्या टीममध्ये त्याला एकच शब्द होता, मुरूम. ‘मुरूम पडला रे!’

एसएसएलसी, म्हणजे दहावी झाली आणि बेंगळूरच्या स्पोर्ट्स हॉस्टेलला नंबर लागला. पाचशे किलोमीटर, रात्रीची लाल बस, धारवाड, हुबळी, दावणगेरी, चित्रदुर्ग करत. आईनं चपात्या, शेंगाची चटणी दिलेली आणि कोचसाठी कुंद्याचा बॉक्स. शाळेत कन्नड विषय होता की आपल्याला, ‘नम्म शाले’वर, म्हणजे ‘आमची शाळा’वर निबंध मी अजूनही लिहून देतो, खरं बोलायची वेळ आली की तोंडातनं शब्द फुटायचा नाही. पहिल्याच प्रॅक्टिसला कोच माझ्याकडं बघून जोरात ओरडले, येडा! येडा! मी थांबलो. परत येडा! मला असला राग आला म्हणता, म्हटलं आलो नाही तोवर वेडा म्हणतोय हा माणूस. मग गदगचा एक पोरगा होता त्यानं माझा डावा हात धरून वर केला. येड म्हणजे डावा. कोच सांगत होते डावीकडनं जा. गेलो, आणि डाव्यानं ले-अप मारला. कोचनी विचारलं, येडगै कोणी शिकवला? उत्तर द्यायला मला तेवढं कन्नड येत नव्हतं, मी कुंदा पुढं केला.

हॉस्टेलचं रोजचं आयुष्य लिहीत बसत नाही, पहाटे पाचला पळणं, रागी मुद्दे म्हणजे नाचणीचे उंडे, आणि पाय दुखणं. बार्सिलोना ऑलिम्पिक झालं १९९२ ला, तेव्हा जॉर्डन, मॅजिक, बर्ड अमेरिकेच्या एका टीममध्ये, पेपरातला फोटो कापून भिंतीला लावला होता, फायनलला क्रोएशियाला त्यांनी ११७-८५ नं हाणलं. आम्ही दुसऱ्या दिवशी सिमेंटवर जॉर्डनसारख्या उड्या मारून गुडघे फोडून घेतले. सिमेंट हे लक्षात घ्या, आमच्या काळात नॅशनलसुद्धा बऱ्याचदा उघड्या सिमेंटच्या कोर्टावर व्हायची. माझ्या गुडघ्यांचं जे झालं ते तिथंच झालं.

मग स्पोर्ट्स कोट्यातनं बँकेत लागलो. आपल्याकडची करिअर म्हणजे हीच, रेल्वे, सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक अशा टीम, खेळाडूला नोकरी द्यायची आणि तो टीमकडनं खेळणार. सकाळी प्रॅक्टिस, मग ब्रँचमध्ये सही, संध्याकाळी परत प्रॅक्टिस, वर्षातले काही महिने टुर्नामेंट. ब्रँचमधले लोक म्हणायचे तुमची मजा हाय बुवा. होती की. माझा नंबर सात. तेव्हा चार ते पंधरा एवढेच नंबर असायचे, कारण एक-दोन-तीन बोटं दाखवून रेफरी पॉइंट सांगायचा, घोळ नको म्हणून. २०१४ पासून कुठलाही नंबर घेता येतो. २००० नंतर वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफऐवजी दहा-दहाचे चार क्वार्टर झाले, आणि शॉट मारायला तीस सेकंद होते त्याचे चोवीस. त्या सहा सेकंदांनी माझ्यासारख्या जड गुडघ्यांच्या माणसाची पाच वर्षं कमी केली असं मी म्हणतो, बायको म्हणते वडापावनं केली.

एक मॅच मात्र सांगायलाच पाहिजे. एका नॅशनलला आमची कर्नाटकाची गाठ पडली महाराष्ट्राशी. साल, गाव मुद्दाम लिहीत नाही, त्यातली दोघं-तिघं अजून माझ्या फेसबुकवर हाईत. माझ्या छातीवर कर्नाटक लिहिलेलं, आणि समोरची पोरं आपापसात मराठीत ओरडतायत, डावीकडनं ये, मी आडवा होतो, मागनं सोड. मला सगळं कळतंय की! डावीकडनं ये म्हटलं की मी आधीच डावीकडं. पहिल्या हाफात तीन बॉल असे उचलले. आमचा कॅप्टन मंगळूरचा, तो विचारतोय तुला कसं कळतं? मी म्हटलं, अंदाज. आता हे बरोबर केलं का चूक, मला तेव्हा पण कळलं नाही. मनात आपलं चाललेलं, घरी काका दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी, बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून काळा दिन पाळून सायकल फेरीत जातात आणि पुतण्या इथं मराठी ऐकून बॉल चोरतोय.

शेवटचं अर्धं मिनिट, आम्ही एका पॉइंटनं मागं, मला फाऊल झाला, दोन फ्री थ्रो. पाच सेकंदात मारायचा असतो. तीन ड्रिबल, श्वास, डोळ्यापुढं सुंभाची दोरी आणली आणि सोडला. आखूड! आणि तोंडातनं मोठ्यानं गेलं, ‘आयला, मुरूम!’

शेजारी रिबाउंडला महाराष्ट्राचा जो उभा होता तो माझ्याकडं बघायलाच लागला. म्हणाला, काय मुरूम? मराठी हाईस व्हय रं? मी म्हटलं बेळगाव. तो सांगलीचा निघाला. म्हणाला, मग आमच्यात का नाहीस? रेफरीनं बॉल हातात दिला म्हणून वाचलो, कारण ह्याचं उत्तर द्यायला पाच सेकंद पुरत नाहीत. दुसरा पडला, टाय झाली. एक्स्ट्रा टाइमची पाच मिनिटं सुरू झाली तर महाराष्ट्राची पोरं एकदम मुकी! त्या सांगलीकरानं सांगितलं असणार. सगळ्या खुणा हातानं. आम्ही चारनं हरलो. रात्री मेसमध्ये तोच माझ्याशेजारी ताट घेऊन येऊन बसला आणि अर्धा तास नुसता मुरूम म्हणजे काय हेच विचारत होता.

घरी गेल्यावर काकांनी विचारलं, कोण जिंकलं? म्हटलं महाराष्ट्र. ‘वा, बरं झालं!’ म्हणाले. मग माझ्याकडं बघून, ‘म्हणजे, वाईट झालं.’ मग थोड्या वेळानं, ‘तू किती मारलेस?’ एकवीस म्हटल्यावर उठून कुंदा आणायला गेले.

इंडिया कॅम्पला एकदा बोलावणं आलं, शेवटच्या बारा खेळाडूंत नाव नव्हतं. एका ओळीत संपलं बघा, तेव्हा वर्षभर संपत नव्हतं. गुडघ्यानं दगा दिल्यावर खेळ सुटला, पुढं बँकेनं टीमच बंद केली, आणि पस्तिशीत मी पहिल्यांदा पूर्ण दिवस काउंटरवर बसलो. माझ्यामागनं लागलेली पोरं मला व्हाउचर कसं पास करायचं ते शिकवत होती. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आठवड्यातनं तीनदा संध्याकाळी पोरांना शिकवायला लागलो तेव्हा कुठं झोप लागायला लागली.

२०१५ ला पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सनं बावन्नाव्या नंबरला उचललं, एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिलाच भारतीय. त्या दिवशी आपल्या बॅचच्या सहा जणांचे फोन, तुझं का नाही रे झालं? अरे तो सात फूट दोन इंच, मी सहा-तीन! आणि त्याला तरी एनबीएची मॅच मिळाली नाही, पुढं तो तिकडंच कुस्तीच्या शोमध्ये गेला. वडील असते तर म्हणाले असते, बघ, शेवटी तालीमच.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात फॉर्म द्यायला शाळेत आलो होतो. नवं कोर्ट झक्क झालंय, अॅक्रिलिकचं, काचेचे बोर्ड, रिंगला नेट. पोरं खेळत होती, एकानं काका बॉल द्या म्हटलं, दिला, डाव्यानं. जुन्या दोन खांबांपैकी एक अजून टाकीकडच्या बाजूला उभा हाय, रिंगसकट, तिथं आता सायकली लावतात. ऑफिसातनं टेप मागून घेतली आणि सायकलीच्या कॅरियरवर चढून मोजलं, खाली एका मुलीनं टेपचं टोक धरलं होतं. साडेनऊ फूट.

तेव्हा कमिटीला एकच विनंती, समारंभाच्या मांडवासाठी मुरमाची ट्रॉली सांगितली हाय असं ऐकलं. ती त्या खांबाजवळ टाकू नका.