गहू सोडला, भात आवरला

गहू सोडून वजन उतरवायचा विचार मनात असेल, तर पहिली चपाती बाजूला सारण्याआधी रक्त तपासून घ्या. हे मला आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं आणि तेव्हापासून मी ते ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटलोय. लोक नेमकं उलटं करतात. आधी गहू बंद करतात, महिनाभराने पोट हलकं वाटायला लागतं, मग शंका येते की आपल्याला सिलिअ‍ॅक तर नाही ना, आणि मग तपासणीला जातात. सिलिअ‍ॅक आजारात गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. त्या वेळी रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात ती टीटीजी-आयजीए या तपासणीत दिसतात. ग्लुटेन बंद केलं की प्रतिपिंडं ओसरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. मग खात्री करायची तर पुन्हा किमान सहा आठवडे रोज गहू खायचा आणि नंतर रक्त द्यायचं. ज्याला गव्हाने खरंच त्रास होतो, त्याच्यासाठी ही शिक्षाच.

माझं प्रकरण तसं साधं होतं. वय ४६, उंची पाच फूट सात इंच, वजन ८८ किलो, कंबर ४० इंच. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, म्हणजे साडेपस्तीस इंच. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१ निघालं, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. शिवाय दुपारचा डबा खाल्ला की पोट असं तट्ट फुगायचं की संध्याकाळी दादरला गाडी बदलेपर्यंत पट्टा एका भोकाने सैल झालेला असायचा. ऑफिसातला जिमला जाणारा एक पोरगा मागे लागला होता, "सर, ग्लुटेन सोडा. टेनिसवाल्या जोकोविचने सोडलं." जोकोविचच्या आणि माझ्या कमरेत जो फरक आहे तो सगळा ग्लुटेनचा असेल असं काही मला वाटत नव्हतं. पण काहीतरी करणं भाग होतं.

तपासणी झाली, सिलिअ‍ॅक नाही असं निघालं. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आठवडाभर मी काय काय खातो ते विचारलं. सकाळी चहाबरोबर खारी. अकराला बिस्किटं. डब्यात चार चपात्या. पाच वाजता कॅन्टीनचा वडापाव किंवा समोसा. रात्री भात आणि पुन्हा चपाती. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ग्लुटेन सोडायची वैद्यकीय गरज नाही. पण ते सोडण्याच्या निमित्ताने खारी, पाव, बिस्किटं आणि समोसे जाणार असतील, तर तीन महिने जरूर करून बघा. फक्त एक अट. कोकणी आहात, भाताकडे पळायचं नाही."

अट वर्मी लागली. आम्ही कुडाळकडचे. आई पंचाहत्तरीची, तिला सगळं समजावून सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आमच्या लहानपणी चपाती कोण खाय होता? पावणो इलो तरच." तिचं खरंच होतं. तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळ्या, शिरवाळे, पेज: यांत ग्लुटेनचा कणही नाही. तिने दुसऱ्याच दिवसापासून उत्साहाने घावण्यांचा सपाटा लावला. पोहे, इडली, साबुदाण्याची खिचडी हे तर सगळ्या मुंबईला ठाऊक असलेले गहू नसलेले पदार्थ. अख्खा उपवासाचा डबा ग्लुटेन-फ्री असतो. आणि नेमक्या याच वाटेने एचबीए१सी वर जातं. साखरेला ग्लुटेनशी काही देणंघेणं नाही; पांढरा तांदूळ आणि साबुदाणा ती चांगलीच वर नेतात. म्हणून आमचं ठरलं: ज्वारी मुख्य, नाचणी आलटून पालटून, आणि भात दुपारी एक वाटी.

नाचणी आमच्या घरात होतीच, निदान आंबील म्हणून तरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे आईलाही ती सोसली. प्रश्न ज्वारीचा होता. आमच्या सात पिढ्यांत कुणी ज्वारीची भाकरी थापली नसेल. बायको सकाळी सहाच्या ड्युटीला बाहेर पडते, तेव्हा हे काम मलाच शिकायचं होतं.

आमच्या मजल्यावर सोलापूरकडच्या काकू राहतात. त्यांच्याकडे मंगळवेढ्याहून मालदांडी ज्वारीचं पोतं येतं. मी रविवारी परात घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. गव्हाच्या कणकेला ग्लुटेनमुळे ताण येतो, म्हणून चपाती लाटता येते. ज्वारीत ते नाही, तिला चिकटपणा आणायचा तो गरम पाण्याने आणि तळहाताने. काकू एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळतात. मी सोयीसाठी चार भाकऱ्यांचा गोळा एकदम मळायला घेतला, तर त्यांनी परात ओढून घेतली. "पीठ मळल्याबिगर भाकरी थापायची न्हाई. आन् मळल्यावर थांबायचं न्हाई." मळून ठेवलेलं पीठ लगेच सैल पडतं, कडांना चिरा जातात, हे मग हाताला कळलं. पीठ ताजं हवं. पंधरा दिवस उलटले की त्याची विरी जाते आणि कितीही मळा, भाकरी तव्यावर टाकताना दुभंगते. म्हणून थोडं थोडंच दळून आणायचं. थापताना खाली पीठ भुरभुरायचं, तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची. जरा उशीर झाला की वरचा थर तडकतो आणि भाकरी फुगत नाही.

महिनाभर माझ्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या व्हायच्या. तरी खायला हरकत नव्हती. डब्यात मात्र त्यांचे हाल होतात. दुपारी एकपर्यंत भाकरी कडक होते, आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये घातली तर चामडं होतं. यावर काकूंनीच उपाय सांगितला: गरम भाकरी डब्यात घालायची नाही, वाफ जाऊ द्यायची, सुती फडक्यात गुंडाळायची, आणि सोबत कोरडी भाजी न नेता पातळ आमटी किंवा पिठलं न्यायचं. कुस्करून खायचं. लोअर परळच्या एसी ऑफिसात बोटं आमटीत घालून भाकरी कुस्करणारा माणूस म्हणून आता मी प्रसिद्ध आहे.

दळणाचीही एक गंमत. गिरणीवाल्याला आपल्याकडच्या बायका पूर्वीपासून सांगतात, "गव्हावर टाकू नको, ज्वारीवरच दळ." गव्हाचं पीठ मिसळलं की भाकरीची चव बदलते म्हणून. तेच वाक्य मी आता वेगळ्या कारणासाठी म्हणतो. मला चिमूटभर गव्हाने काही होणार नाही, पण आमच्याच बिल्डिंगमध्ये एका मुलाला खरा सिलिअ‍ॅक आहे, आणि त्याच्या आईचं घर बघितल्यावर मला माझं 'ग्लुटेन-फ्री' म्हणजे निव्वळ हौस वाटायला लागली. तिच्याकडे तवा वेगळा, परात वेगळी, पोळपाट वेगळा. गिरणीच्या जात्याला राहिलेलं पीठही नको म्हणून तिने घरघंटी घेतली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, यावरून अंदाज करा. चपातीचा एक तुकडाही तिच्या मुलाला चालत नाही. तेव्हापासून हॉटेलात मी 'ग्लुटेन-फ्री आहे का' असं विचारायचं सोडलं. "गहू-मैदा नको" एवढंच म्हणतो. आमच्यासारखे हौशी लोक 'ग्लुटेन-फ्री' मागतात आणि पाच मिनिटांनी शेजारच्याच्या ताटातला नान तोडतात. वेटर ते बघतो, आणि पुढच्या खऱ्या पेशंटलाही तो गंमतच समजतो.

त्या मुलाच्या आईकडूनच कळलं की गहू कुठे कुठे लपलेला असतो. हिंगाची डबी उलटी करून वाचा: बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे वरणाच्या फोडणीपासूनच सुरुवात. सोया सॉसमध्ये गहू. थालिपिठाच्या भाजणीत गहू. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. आमच्या आईच्या कोंबडी-वड्यांच्या पिठात मूठभर गहू असायचे, ते तिने काढले आणि वडे तितकेच फुगले. सगळ्यांत जास्त दुःख झालं ते रवा फ्राय बोंबलाचं. आता बोंबील तांदळाच्या पिठात घोळवतो. कुरकुरीत होतात, पण ते तसे होत नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू. आणि बिअर बार्लीची असते, ही बातमी त्या जिमवाल्या पोराला मी दिली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मॉलमधल्या ग्लुटेन-फ्री कपाटाबद्दल माझं मत वाईट आहे. पाव, कुकीज, पास्ता, सगळं नेहमीच्यापेक्षा कितीतरी महाग. मागची यादी वाचली तर मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ, मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका, आणि ते सगळं धरून ठेवायला झँथन गम. चव यावी म्हणून साखर आणि तेलही बऱ्याचदा हात सैल सोडून घातलेलं. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाच्या वाढदिवसाला केक हवा म्हणून ते घेणं मला समजतं. वजन उतरवायला घेणं म्हणजे विमलच्या पुडीऐवजी पानपराग.

तीन महिन्यांनी वजन ८२, कंबर ३७. एचबीए१सी ५.७, म्हणजे उंबरठ्यावरच, पण बाहेरच्या कडेला. हे तीन महिन्यांनीच तपासायचं, कारण ते साधारण तेवढ्या काळाच्या साखरेची सरासरी दाखवतं. मध्येच तपासून पैसे घालवू नयेत. मी खुशीत म्हटलं, "म्हणजे ग्लुटेनच होतं." मॅडम म्हणाल्या, "अहो, ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, शंभर ग्रॅममागे सव्वातीनशे ते साडेतीनशे. तुम्ही पूर्वी चार चपात्या खायचात, आता दोन भाकऱ्यांत हात धुता. आणि रोजचा तो वडापाव, खारी, बिस्किटं कुठे गेली?"

पोट फुगायचं थांबलं होतं, त्याचं श्रेय तरी ग्लुटेनला द्या, असं मी म्हटलं. तेही त्यांनी दिलं नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात, ती कुणालाच पचत नाहीत, मोठ्या आतड्यात त्यांचा गॅस होतो आणि काहींना त्याचा त्रास होतो. तीच कांद्यात आणि लसणातही असतात. पिठलं-भाकरीबरोबर कच्चा कांदा बुक्कीने फोडून खाल्ला की माझं पोट पूर्वीसारखंच फुगायचं. भाकरीला काय माहीत कांदा आपला घात करतोय! मग त्यांनी उलटा प्रयोग करायला लावला: बाकी सगळं तसंच ठेवून आठवडाभर रोज दोन चपात्या खायच्या, कच्चा कांदा बंद. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात चपात्या बंद, कांदा चालू. दोनच दिवसांत पोट फुगलं आणि पट्टा सैल करावा लागला.

त्यामुळे सध्या घरात असं आहे. सोमवार ते शनिवार भाकरी, कारण आता हाताला सवय झालीय आणि दोनवर पोट भरतं. रविवारी चपाती. होळीला पुरणपोळी खाल्ली, दुसरीही घेतली. मॅडमनी बी-१२ आणि लोह तपासायला सांगितलंय, ते पुढच्या तपासणीत होईल. खारी आणि बिस्किटं परत आणलेली नाहीत. ती घरात असली की मी ती खाणारच, म्हणून आणायचीच नाहीत. पाच वाजता कॅन्टीनमध्ये भाजलेले चणे. वडा मात्र सोडलेला नाही, महिन्यातून एखादा, नुसता, सुक्या लसणीच्या चटणीबरोबर. लसणीतही फ्रुक्टन असतात हे माहीत आहे. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.