आमची वाटचाल : कडक भाकरी आणि शनिवारचा पगार

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा छोटा कारखाना आहे. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, थापणाऱ्या बायका आसपासच्या वस्त्यांतल्या. गिरण्या बंद पडल्यावर इथली कितीतरी घरं बायकांनी वळलेल्या विड्यांवर चालली. आमच्याकडच्या बहुतेकजणी त्याच घरांतल्या.

सुरुवात बचत गटातून झाली. नाबार्डने, म्हणजे शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 साली गट बँकांना जोडायला घेतले, त्याचा फायदा पुढे आमच्यासारख्यांना मिळाला. पहिली मोठी चूल आणि तवे गटाच्या कर्जातून आले. नंतर एका बँकेने तारण नाही म्हणून परत पाठवलं, पण 2015 ला मुद्रा योजना आली आणि विनातारण कर्जावर चटणीचं यंत्र घेता आलं. मग पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी वाढत गेल्या.

धंदा वाढला की थापणारीच्या घरची गरिबी आपोआप हटेल, असं पुष्कळांना वाटतं. मी तसं होताना पाहिलेलं नाही. आमच्या एक मावशी होत्या. हात इतका बसलेला की भाकरी कागदासारखी पातळ. आम्ही मजुरी वाढवली, तरी शनिवारी पैसे हातात पडले की गल्लीच्या तोंडाशी सावकाराचा माणूस उभा. मुलाच्या दवाखान्यासाठी दहा हजार उचललेले, व्याज महिन्याला शेकडा दहा. म्हणजे वर्षाला बारा हजार नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथे! वाढलेली मजुरी तिकडेच जायची. गटाने शेकडा दोनने कर्ज देऊन ते मिटवलं, तेव्हा कुठे वाढीव पैसा घरात टिकू लागला. गहाण पडलेली बोरमाळ सुटली, मुलगी कॉलेजात गेली.

देशाचंही असंच आहे, सावकाराऐवजी बँक दाराशी आली की फरक पडतो. 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे 1977 ते 1990 या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता : बँक असलेल्या गावात एक नवी शाखा हवी, तर बँक नसलेल्या चार गावांत शाखा काढा. त्यामुळे ग्रामीण गरिबी कमी झाल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. थकबाकीही खूप राहिली, हे खरं. तरी मला तो नियम मोलाचा वाटतो.

मात्र नुसतं कर्ज वाटून भागत नाही. इथल्या अनेकींचे नातेवाईक तेलंगणात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात 2010 साली मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, हप्त्यांनी काय हाहाकार माजवला, ते त्यांनी जवळून ऐकलंय. एका कर्जाचा हप्ता फेडायला दुसरं कर्ज काढायचं, आणि कमाई तेवढीच. आधी हाताला बारमाही काम पाहिजे, मग कर्ज पेलतं.

म्हणून पावसाळ्यात भाकरी सर्दावते तेव्हा आम्ही बायकांना घरी बसवत नाही, चटणीवर घेतो. पगार जनधन खात्यात, पण आठवड्याला, कारण किराणा आठवड्याचा असतो. खरी ओढाताण होते ती मोठे खरेदीदार बिलं थकवतात तेव्हा. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे, तरी काही जण तीन-तीन महिने लावतात आणि त्याची झळ थेट शनिवारच्या पगाराला बसते. यंदा दिवाळीआधी बँकेकडे कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या खर्चासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागितली आहे. मंजूर झाली, तर विडी सोडून येऊ पाहणाऱ्या आणखी काही जणींना कामावर घेऊ.